अपरिचित ठिकाण नंबर सात

अपरिचित म्हणे. कोणाला अपरिचित, ते आधी सांगा. मी त्या डोंगराच्या पायथ्याशी जन्मले. तिथल्या करवंदीच्या जाळ्यांनी माझे परकर फाडले, तिथल्या विंचवानं माझ्या भावाला नांगी मारली. आणि आमच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावरचा अभिजीत, ज्याच्या फ्लॅटचा रंग अजून वाळलेला नाही, तो पेपरात छापून सांगतो की बदलापूरच्या आसपासची दहा अपरिचित ठिकाणं आम्ही शोधून काढली. शोधून काढली! हरवली होती का?

पेपर म्हणजे काही मोठा पेपर नव्हे. शनिवारी दारात फेकून जातात तो. अर्धा प्लॉटच्या जाहिरातींनी भरलेला, अर्धा वाढदिवसाच्या फोटोंनी. मी तो फक्त पोळ्यांच्या डब्यात घालायला घेते. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, पण वाचायचं मी सोडलेलं नाही. हळू वाचते. त्यामुळं भरभर वाचणाऱ्यांच्या डोळ्यांतून जे निसटतं, ते मला बरोबर सापडतं.

तर ठिकाण नंबर सात. "धरणाच्या मागच्या अंगाला, बुडालेल्या गावाच्या वर, उंबराच्या सावलीत दडलेलं नितळ अप्सरा कुंड. स्थानिक सांगतात की वनवासात पांडव इथं राहिले आणि त्यांना पाहायला स्वर्गातून अप्सरा उतरल्या." शेजारी फोटो. फोटोत सगळं काळं, मधे एक पांढरा ठिपका. तो पाण्याचा असेल नाहीतर अभिजीतच्या बनियनचा.

पांडवांचं मला नवल वाटत नाही. ठाणे जिल्ह्यात त्यांनी जेवढे खड्डे खणलेत तेवढे म्युन्सिपाल्टीनंही खणले नसतील. पण हा खड्डा माझ्या आजीनं खणलाय. बनूबाईनं. गावच्या विहिरीवर आमच्या वस्तीनं पाय ठेवायचा नाही, असा तेव्हाचा नियम. नियम कसला, दादागिरी. वरच्या आळीतली कोणी बाई वरून पाणी ओतेल तेव्हा खाली ओंजळ धरायची. माझी आजी म्हणायची, माझे गुडघे वाकत नाहीत. भात लावताना बरे वाकायचे. मी लहान असताना एक दिवस तिनं उंबराखाली ओल बघितली, घरातली पहार उचलली आणि खणत सुटली. करंगळीएवढी धार लागली. त्या करंगळीवर आमची सगळी वस्ती जगली. दुसरं कोणी तिकडं फिरकत नसे, म्हणून ते अपरिचित!

आणि अप्सरा? माझी आजी रंगानं तव्यासारखी, अंगानं खांबासारखी. तंबाखू खायची आणि बोलली की पलीकडच्या डोंगरावरची गुरं मान वर करायची. इंद्राच्या दरबारात ती गेली असती तर इंद्र उठून उभा राहिला असता. नाचली मात्र नसती.

तो पेपर तसाच घेऊन मी चौथ्या मजल्यावर गेले. आमची सून संध्या मागून ओरडत होती, "आई, जाऊ द्या ना! तो सोसायटीचा सेक्रेटरी आहे, नळाची वेळ त्याच्या हातात आहे!" म्हणजे बघा, माणसाच्या हातात पाणी गेलं की काय होतं ते.

अभिजीतनं दार उघडलं. पोरगा तसा गोड बोलतो, तेच त्याचं वाईट आहे. भांडायला गेलेल्या माणसाला तो बसायला खुर्ची देतो.

"काकू, नाव आम्ही नाही दिलं. लोकल लोकांनी सांगितलं."

"आणि मी कोण? दुबईची?"

"तसं नाही. पण तुम्ही म्हणता ते आम्ही कसं छापणार? काहीतरी पुरावा लागेल ना? पुढच्या रविवारी आमचा भटकंती ग्रुप तिथं बोर्ड लावायला चाललाय. तोपर्यंत काही मिळालं तर सांगा. वुई आर ओपन."

पुरावा. एकानंही अप्सरेचा पुरावा मागितला नाही. माझ्या आजीचा मात्र पाहिजे.

खाली आले तेव्हा आमचे हे कट्ट्यावर बसले होते. हे म्हणजे बबनराव, अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले. तिथल्या मशीनच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळं आपल्याला माझं बोलणं ऐकू येत नाही, असं दाखवतात. चहा म्हटलं की येतं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं." एवढा एक शब्द बोलायला त्यांना जो वेळ लागला, तेवढ्यात बिल्डिंगभर बातमी गेली.

मग सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्या रिटायर मास्तरांनी सांगितलं, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. सव्वीस जुलैच्या महापुरानंतरचा हिवाळा तो, तो कायदा नुकताच आलेला. मास्तरांना नातू झाल्यासारखा आनंद झाला होता. घरात कोणाला साधी शिंक आली तरी ते म्हणायचे, माहिती मागवा. तळमजल्यावरचा किराणावाला म्हणाला, पेपरवाल्याला दम द्या. एकानं तर सांगितलं, आजीची जयंती सुरू करा, जयंती सुरू झाली की नाव आपोआप लागतं. हा सल्ला मला त्यातल्या त्यात पटला होता. पण आजीचा जन्म कधीचा ते आजीलाच माहीत नव्हतं.

मी आधी सरळ मार्गानं जायचं ठरवलं. सरळ मार्ग म्हणजे सरकारी. कुळगावात जमिनीचे कागद ठेवतात तिथं गेले. टेबलावरचा साहेब केळ खात होता.

"बुडीत गाव का? मग ते आमच्याकडे नाही. गाव बुडालं की आमचा संबंध संपला. धरणाच्या ऑफिसला जा."

धरणाच्या ऑफिसातला साहेब जास्त हुशार. त्यानं मलाच विचारलं, "तुमचा झरा पाण्याखाली आहे की पाण्यावर?"

"वर आहे."

"मग आमचा नाही. आमचं फक्त पाण्याखालचं."

"अहो, झऱ्यातनं पाणी येतं. पाणी तुमचं नाही?"

"बाई, तुमचं पाणी घरंगळत येऊन आमच्या पाण्यात पडलं की आमचं. तोपर्यंत ते जंगलवाल्यांचं."

जंगलवाल्यांच्या चौकीवर एक जाडा शिपाई बसला होता. त्यानं विचारलं, झाड आहे का? मी म्हटलं, उंबर आहे. तो खूश झाला. म्हणाला, उंबराची माहिती देता येईल, पाण्याची नाही, कारण पाणी हलतं. जे हलतं त्याची नोंद होत नाही. मी म्हटलं, तू बसल्या जागचा हलत नाहीस, तुझी नोंद कुठं आहे? त्यानं मला बाहेर काढलं. म्हणजे म्हणाला, "मावशी, जेवायची सुट्टी झाली." पण आवाजावरून बाहेर काढलंच.

संध्याकाळी जिन्यात बसले होते. पायांत गोळे आले होते आणि डोक्यात भट्टी पेटलेली. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची अंजनी दळण घेऊन वर येत होती. ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, "चांगुणाबाई, एवढी वर्षं बदलापुरात राहिलात आणि तुम्हाला एवढं कळत नाही? इथं कागद बघतं कोण? जो आधी बोर्ड ठोकतो त्याची जागा. आमच्या दिरांचा प्लॉट होता स्टेशनपलीकडे. कागद आमच्याकडे, बोर्ड दुसऱ्याचा. आज तिथं चार मजली बिल्डिंग उभी आहे. त्याची."

खरंच की. आमच्या इथं रिकाम्या जागेवर गवत उगवायच्या आधी बोर्ड उगवतो. मग मी कशाला साहेबलोकांची केळी बघत बसू? रविवारी त्यांचा बोर्ड लागायच्या आत माझा लागला पाहिजे.

बोर्ड करायला मी उल्हासनगरला गेले, कॅम्प चारला. तिथं तुम्ही म्हणाल ते बनवून देतात. फक्त कुठं बनवलं ते विचारायचं नाही. गल्लीत लधाराम नावाचा सिंधी बोर्डवाला आहे. दुकानात उभं राहायला जागा नाही, सगळीकडे पत्रे आणि रंगाचे डबे. आमच्याकडच्या निम्म्या प्लॉटांवरचे बोर्ड त्याच्याच हातचे.

"क्या लिखना है, अम्मा?"

"बनूबाईचं पाणी. मोठ्या अक्षरात. पिवळ्यावर काळं."

"बस इतनाच?"

"एवढंच. खाली दोन पाय लाव, जमिनीत गाडायला."

"किधर लगाने का है?"

"डोंगरावर. दुसरे लोक बोर्ड लावायला निघालेत, त्यांच्या आधी लावायचाय."

लधारामनं मान डोलावली. अशी डोलावली की याला सगळं समजलं असं मला वाटलं. त्याला सगळं समजलं, हीच तर भानगड झाली. "टेंशन नहीं लेने का, अम्मा. अपना बोर्ड लगा, मतलब जगह आपकी. शनिवारी शाम को ले जाओ. एकदम कडक बनाके देता."

शनिवारी बोर्ड आणायला हे गेले. गोणपाटात गुंडाळून सुतळीनं आवळलेला. मी वरचं टोक सोडवून बघितलं. 'बनूबाईचं पाणी.' अक्षरं अशी ठसठशीत की आजीनंच मोठ्यानं हाक मारल्यासारखं वाटलं. मी परत सुतळी आवळली. खालचं बघितलं नाही. खाली पायच असणार ना? बाईमाणसाच्या बोर्डालाही लाज असते.

रविवारी सकाळी अभिजीतचा ग्रुप दोन जीपा करून निघाला. सगळ्यांच्या पायांत पांढरे बूट, पाठीवर पिशव्या, हातात बिसलेरी. झरा बघायला चाललेत आणि पाणी विकतचं! मी नऊवारी खोचून, बोर्ड घेऊन खाली उभी. बरोबर हे. अभिजीतनं बोर्ड बघितला, हसला आणि म्हणाला, "काकू, स्पिरिट आवडलं. पण चढ आहे. तुम्ही सिनियर सिटीझन, खाली थांबा, आम्ही फोटो आणतो."

मी सरळ जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले. पुढच्या सीटवर कॅमेऱ्यांची बॅग होती, ती ह्यांच्या मांडीवर दिली. बोर्ड मागच्या पोरांच्या मांड्यांवर आडवा. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मागून कोणीतरी आई गं म्हणत होतं. मला बरं वाटत होतं.

धरणाच्या कडेला जीपा थांबल्या. अभिजीत हातातला नकाशा उघडायला लागला. मी म्हटलं, नकाशा घडी करून खिशात ठेव, हे माझं माहेर आहे. आणि पुढं झाले. जुनी बैलगाडीची वाट मला डोळे मिटून माहीत होती. डावीकडे मोठा कातळ, उजवीकडे शेवग्याची झाडं, मधे ती वाट. मी पुढं, मागं पांढऱ्या बुटांची फौज. ऊन कोवळं, वारा गार, आणि माझी मान अशी ताठ की पदर डोक्यावर ठरत नव्हता. वळण घेतलं आणि वाट सरळ पाण्यात गेली. अगदी सरळ. दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्या पाण्याच्या आत उतरत गेलेल्या स्पष्ट दिसत होत्या, जणू गाडी आताच पुढं गेलीय. लग्न होऊन सासरी आले ती ह्याच वाटेनं.

मागून कोणीतरी म्हणालं, "काकू, पोहायचं का?" आणि सगळे हसले.

माझा राग तेव्हा कुणावर होता ते मलाही सांगता येणार नाही. धरणावर होता, वाटेवर होता, त्या हसणाऱ्यावर तर होताच. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्या चाकोऱ्यांकडे बघत म्हणाले, "चल, वरनं जाऊ." मी त्यांच्यावरच ओरडले. ते त्यासाठीच आले असावेत.

मग अभिजीतच्या नकाशानं गेलो. काट्यातनं, दगडांतनं. आणि पोहोचलो.

उंबर होता. पाणी होतं. चांगलं हिरवंगार, तळ्याएवढं. काठावर चुन्यानं लिहिलं होतं, 'अप्सरा कुंड, चहा भजी मिळेल', आणि एक तरणा मिशाळ गडी स्टोव्हवर कढई ठेवून बसला होता. ग्रुपमधल्या पोरांनी धडाधड कपडे काढून उड्या मारल्या. मुलींनी पाय बुडवले. एकीनं ओंजळीनं तोंड धुतलं आणि म्हणाली, काय फ्रेश वाटतं ना!

मी बघतच राहिले. हे आमचं पाणी नव्हे. आमच्या पाण्यात माणूस बुडेल एवढी त्याची ऐपतच नव्हती. करवंटीनं करवंटीनं भरायचं पाणी ते. मी इतके दिवस ज्याच्यासाठी सरकारशी भांडले, चौथ्या मजल्याशी भांडले, तो झरा हा नव्हेच. आता हे सगळ्यांदेखत सांगायचं कसं? मी जरा विचार करत होते. तेवढ्यात अभिजीतला मोठेपणा सुचला.

"चला, आधी काकूंचा बोर्ड बघू या! नंतर ठरवू." आणि त्यानं सुतळी कापून गोणपाट ओढलं.

वर 'बनूबाईचं पाणी'. आणि खाली, मी न बघितलेल्या भागात, लाल अक्षरांत: 'ही जागा खाजगी मालकीची आहे. विनापरवाना आत येणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल. कुत्र्यापासून सावध.'

लधारामनं जन्मभर दुसरं काही रंगवलंच नव्हतं. वरची ओळ बदलली की त्याचा बोर्ड तयार.

मी ह्यांच्याकडे वळले. "तुम्ही बघितलं नव्हतं?"

"बघितलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तूच लिहायला सांगितलंस."

ग्रुपवाले पोट धरून हसत होते. पण भजीवाला हसत नव्हता. त्यानं बोर्ड वाचला, कढई तशीच टाकली आणि धूम पळाला. नव्या गावठाणाकडे. जुनं गाव बुडालं तेव्हा लोकांना वर नेऊन वसवलं ते हे गावठाण. एकदा उठवलेली माणसं ती, त्यांना असल्या बोर्डाचा अर्थ शिकवावा लागत नाही. थोड्याच वेळात ओरडा ऐकू आला, "बिल्डर आला! बिल्डर आला!" बायका, बाप्ये, कोणाच्या हातात कोयता, कोणाच्या हातात काठी. सगळ्यांच्या पुढं एक म्हातारी, माझ्याच वयाची, कासोटा मारलेली. आणि त्यांच्यामागून, दुपारची वेळ झाली म्हणून, गावठाणातल्या झाडून सगळ्या म्हशी.

म्हशींना बोर्डाशी काही घेणं नव्हतं. त्या रांगेनं आल्या आणि कुंडात उतरल्या. रोजची जागा त्यांची. ज्या वेगानं त्या आत गेल्या त्याच्या दुप्पट वेगानं पोरं बाहेर आली. जिनं तोंड धुतलं होतं ती बिसलेरीची बाटली तोंडावर ओतून घेत होती. अप्सरा बघायच्या होत्या ना? बघा म्हणावं. चांगल्या दुभत्या होत्या.

"कोन गो ती बनूबाई?" म्हातारी कोयता नाचवत माझ्यासमोर आली. "कंच्या बिल्डरची? आधी धरनानं खाल्लं, आता तुमी खायाला आलाव?"

"बिल्डर तुझा बाप! बनूबाई माझी आजी. ह्याच गावची."

"आमच्या गावात येकच बनू व्हती. खालच्या वस्तीतली."

"तिचीच नात मी."

तिनं कोयता खाली घेतला. माझ्याकडे नीट बघितलं. "चांगुणा? पुढं दातवाली?"

"दात काढले आता."

"तोंड नाय काढलंस. तेवढ्यावरनं वळखलं." आणि ती हसली. तेव्हा मला कळलं, ही विठा. वरच्या आळीतली. लहानपणी तिच्या आईनं वरून ओतलेल्या पाण्याखाली मी ओंजळ धरलेली आहे.

मग विठानं बोर्डाकडे बघितलं, म्हशींकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आनि ह्यो तू बनूचा झरा समजलीस? अगो बय, ह्यो म्हशींचा डोह! पहिल्यापासून! तुज्या आजीनं ह्यात पाय धुतलं नसतं!"

अभिजीतनं भजीवाल्याकडे बघितलं. "पण तुम्हीच तर सांगितलं, अप्सरा कुंड..."

"माजा ल्योक तो, रघु," विठा म्हणाली. "भजी खपत नव्हती. म्हशींचा डोह म्हनला तर कोन खाईल?"

अभिजीत मटकन दगडावर बसला. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण माझ्या डोक्यात एकच होतं. मी विचारलं, "मग माझ्या आजीचं पाणी कुठं आहे?"

रघु पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. गावठाणातली बाकीची माणसं एकदम म्हशी मोजायला लागली.

"वरती हाय," विठा म्हणाली. "पन आता तिथं काय दिसनार नाय तुला. शिमेटची पेटी हाय. त्यातनं पाइप टाकलाय."

"कुठवर?"

"गावठानात. टाकीला."

मी गावठाणाकडे चालायला लागले. बोर्ड ह्यांनी उचलला. मागून विठा, तिच्यामागं गाव, त्यामागं पांढरे बूट, आता चिखलाचे. गावठाणाच्या मधोमध सिमेंटची टाकी, टाकीला तोट्या, समोर हंडे मांडून ठेवलेले. मी एक तोटी उघडली. पाणी हातावर घेतलं. गार. तोंडात घातलं आणि ओळखलं. पुढचं आठवलं की अजून माझं अंग तापतं.

"विठा, ह्या पाण्याकडं बघायचं नाही म्हणून तुझ्या घरच्यांनी तुला मारलं होतं, आठवतं? आमच्या वस्तीचं पाणी म्हणून? आणि आज तुम्ही सगळे हे पिता?"

"मंग काय करावं? आमची हीर गेली तळाला. तुज्या आजीचं वर व्हतं म्हनून वाचलं. तुमी समदी तिकडं अंबरनाथला, उल्लासनगरला नोकरीला गेलाव. आमी कुटं जावं?"

"प्या की. पिऊ नका म्हणत नाही मी. पण ह्याला नाव काय म्हणता?"

"नाव कशाला? टाकीचं पानी म्हनताव."

टाकीचं! टाकीनं खणलं होतं का पहारीनं?

विठा टाकीच्या कठड्यावर बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "खरं सांगू? हीर आटायची तवा माजी आय भर दुपारची जायाची हांडा घेऊन. गाव निजलं की. तुजी आजी उंबराखाली बसलेली असायची. भरू द्यायची. नाय कधी म्हनली नाय. पन शिव्या! हांडा भरंतवर तोंड चालू. आय घरी येऊन रडायची, नि दुसऱ्या दिशी परत जायाची."

हे मला माहीत नव्हतं. आजी कधी बोलली नव्हती. आमच्यातल्या कोणालाच बोलली नव्हती.

"बोर्ड इथं लागेल," मी म्हटलं.

रघु पुढं आला. "काकी, तसं कसं? टाकी ग्रामपंचायतीची आहे. ठराव घ्यावा लागेल. मंग सभा, मंग मंजुरी..."

"तू अप्सरा बसवलीस तवा ठराव केला व्हतास?" विठानं विचारलं. रघु परत माती उकरायला लागला. विठानं लोकांकडे बघितलं. कोणी हो म्हणालं नाही. कोणी नाहीही म्हणालं नाही. मग तिनं रघूच्या हातात पहार दिली. "खन."

एक खड्डा रघूनं खणला, एक आमच्या ह्यांनी. रघूला कायदेशीर कारवाईवर डांबर फासायचं होतं. विठानं विचारलं, काय लिवलंय तिथं? मी वाचून दाखवलं. आत येणाऱ्यावर कारवाई, कुत्र्यापासून सावध, सगळं. ती पदर तोंडावर धरून हसली. "ऱ्हाऊ दे तसंच. तुज्या आजीचंच बोलनं हाय ते."

अभिजीत कॅमेरा घेऊन आला. चेहरा पडलेला, पण डोळे चमकत होते. "काकू, ही स्टोरी ग्रेट आहे. ती वरची पेटी दाखवता का? ओरिजिनल झरा? ठिकाण नंबर सातच्या जागी टाकू."

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी विठा बोलली. "तुमचं ठिकान तिकडं हाय. म्हशी निघाल्या की जावा."

ऊन कलायला लागलं तशा बायका हंडे घेऊन तोट्यांवर आल्या. तरण्या सुना, पोरी. पहिलीनं बोर्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि घाबरत विचारलं, "भरू का? का कारवाई होनार?"

"भर. पण आधी नाव घे."

"कोनाचं? नवऱ्याचं?"

"पाण्याचं. वर लिहिलंय ते."

"मला वाचता येत नाय, काकी."

"मग मी म्हणते तसं म्हण. बनूबाईचं पाणी."

तिनं विठाकडे बघितलं. विठानं मान हलवली. "बनूबाईचं पानी," ती म्हणाली आणि हंडा तोटीखाली सरकवला. दुसरी पुटपुटली. मी तिचा हंडा पायानं अडवला, मोठ्यानं म्हण म्हटलं. ती मोठ्यानं म्हणाली. तिसरीला हसू आलं, तिला परत म्हणायला लावलं. चौथी विठाची सून होती. ती म्हणेना. नुसती उभी राहिली, मान ताठ. मीही उभी राहिले. मागच्या बायका कुरकुरायला लागल्या. शेवटी विठाच उठली, सुनेच्या हातातला हंडा घेतला, स्वतः तोटीखाली धरला आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "बनूबाईचं पानी. झालं समाधान?"

"नाही," मी म्हटलं. "पुढची."

खालून जीपचे हॉर्न ऐकू येत होते. एकदा, दोनदा, मग लांबलचक. आमचे हे माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "जीपा निघाल्या."

"निघू देत," मी म्हटलं. रांग अजून लांब होती.